फेफऱ्याची गोळी मेंदूत काय करते?

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. इतिहासाच्या पाठाच्या निमित्ताने आम्ही आठवीच्या विद्यार्थ्यांना तेथे घेऊन जातो. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर व गावकऱ्यांवर उपचार करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. हे सांगून झाल्यावर एका वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ते कशाने वारले? गोळी लागून?"

"नाही," आम्ही म्हणालो. "फेफऱ्याने."

वर्ग एकदम शांत झाला. कारण त्याच रांगेत आपल्या वसतिगृहातील एक मुलगा उभा होता, ज्याला फेफरे येत असे. सर्वांनी त्याच्याकडे पाहिले. तो मात्र आमच्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्याने हळू आवाजात विचारले, "मग त्यांच्याजवळ माझी गोळी नव्हती का?"

या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्हांला इतिहासाच्या पुस्तकांतून उठून मेंदूच्या शास्त्राच्या दारापर्यंत जावे लागले. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्यकाचे नव्हे. तरीही विज्ञान शिकवणारे सहकारी आणि काही डॉक्टर यांच्या मदतीने जे समजून घेतले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे या स्मरणिकेतून ठेवीत आहोत. त्यामागे आमचा एक अपराधही आहे. तो आधी सांगितला पाहिजे.

आमच्या कपाटातील चिठ्ठी

या मुलाचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका कारखान्यात यंत्रमाग चालवतात आणि आई तेथेच टॉवेल शिवण्याचे व घड्या घालण्याचे काम करते. मुलाला रोज रात्री फिनोबार्बिटोनची एक गोळी असे. वसतिगृहात ती नेमाने दिली जाई. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी गेली. गोळ्यांची पट्टी संपत आली होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी वसतिगृहाच्या कपाटात राहिली होती. ती पालकांच्या हाती द्यायची हे आमच्या ध्यानात आले नाही. औषध दुकानदाराने चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही. ते कायद्याने योग्यच होते. गोळी बंद पडली.

सुट्टीचे आठ दिवस मुलगा अगदी ठणठणीत होता. नवव्या दिवशी तो वसतिगृहात परत आला आणि त्याच रात्री त्याला झटका आला. तो थांबण्यापूर्वीच दुसरा सुरू झाला. कोणी कांदा आणायला धावले, कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी दातांत चमचा घालू पाहिला. आम्ही स्वतः काय करावे हे न कळून त्याचे हात दाबून धरले होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंतची ती वीस मिनिटे आम्ही विसरू शकत नाही. मुलगा वाचला. ड्युटीवरील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गोळी कोणी बंद केली?" त्यांना देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या पालकांना भेटायला एमआयडीसीत गेलो. आई म्हणाली, "सर, आठ दिवस बिनगोळीचं पोरगं हसत-खेळत होतं की. आम्हाला वाटलं, गेलं आता दुखणं." त्या माउलीचा तर्क चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता. गोळी मेंदूत नेमके काय करते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हांलाही ते ठाऊक नव्हते.

मागावरचे धागे आणि मेंदूतले संदेश

त्या दिवशी मुलाच्या वडिलांनी आम्हांला माग दाखवला. ताण्याचे शेकडो उभे धागे एका वेळी सगळे वर उचलले जात नाहीत. काही वर जातात, काही खाली राहतात, मधल्या वाटेने आडवा धागा जातो, मग वरचे खाली आणि खालचे वर येतात. अशा रीतीने कापड विणले जाते. सगळेच धागे एकदम वर उचलले गेले तर आडवा धागा अडकेल कशात? यंत्र धडधडत राहील, पण कापड तयार होणार नाही.

मेंदूचे कामही काहीसे असेच आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. पाहणे, बोलणे, चालणे, आठवणे यांपैकी प्रत्येक वेळी त्यांतील काही पेशी जाग्या होतात आणि काही गप्प बसतात. कोणी जागे व्हायचे आणि कोणी गप्प बसायचे, या विणीतूनच आपले वागणे घडते. असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात जाग्या झाल्या की विचारही उरत नाही आणि तोलही. शरीर ताठ होते, हातपाय आचके देतात, शुद्ध हरपते. यालाच आपण झटका किंवा फिट म्हणतो. असे झटके पुन्हा पुन्हा येण्याच्या प्रवृत्तीला अपस्मार, बोलीत फेफरे किंवा मिरगी, असे नाव आहे.

आता पेशी जागी कशी होते ते पाहू. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. पहिली पेशी त्या फटीत एक रसायन सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ते रसायन ओळखणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे जणू दार, आणि रसायन म्हणजे त्या दाराची किल्ली.

मेंदूतील प्रमुख उत्तेजक रसायन म्हणजे ग्लुटामेट. त्याच्या किल्लीने उघडणारी दारे मुख्यतः तीन प्रकारची आहेत: ॲम्पा, कायनेट आणि एनएमडीए. यांपैकी ॲम्पाचे दार सर्वांत चपळ. ते हजाराव्या हिश्श्याइतक्या सेकंदात उघडते, धन विद्युतभाराचे सोडियमचे कण आत शिरतात आणि पेशी जागी होते. प्रमुख निरोधक रसायन म्हणजे गॅबा. त्याच्या किल्लीने दुसरेच दार उघडते, त्यातून ऋण विद्युतभाराचे क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशी शांत राहते. ग्लुटामेट ही मागाची मोटर मानली, तर गॅबा हा त्याचा ब्रेक होय. निरोगी मेंदूत क्षणाक्षणाला या दोघांचा तोल सांभाळला जातो. अपस्मारात हा तोल अधूनमधून ढळतो.

एका गोळीचा इतिहास

तोल सांभाळणारी गोळी माणसाला सापडली ती योगायोगाने. १८६४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर याने बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. त्या आम्लात स्वतःमध्ये औषधी गुण नव्हता. परंतु त्याच्या रचनेत थोडे बदल करून एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांनी १९०३ साली झोप आणणारे औषध पुढे आणले. या घराण्यातील सर्व औषधांना बार्बिट्युरेट म्हणतात. त्याच घराण्यातील फिनोबार्बिटोन १९१२ साली 'ल्युमिनल' या नावाने बाजारात आले, तेही झोपेचे औषध म्हणूनच.

त्याच वर्षी जर्मनीतील फ्रायबर्ग येथे अल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या तरुण डॉक्टराने अपस्माराच्या रुग्णांना रात्री शांत झोप लागावी म्हणून ही गोळी दिली. झोप तर लागलीच, पण दिवसाचे झटकेही कमी झाले. त्याने ही नोंद प्रसिद्ध केली. त्यापूर्वी १८५७ पासून वापरात असलेल्या ब्रोमाइडने रुग्ण इतके सुस्त होत की त्यांना धड जगता येत नसे. नवी गोळी त्या मानाने वरदान ठरली.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले ते असे: "बाळा, तुझी गोळी डॉ. कोटणीस चीनला गेले त्याच्या सव्वीस वर्षे आधीपासून जगात होती. पण ते ज्या भागात काम करीत होते, त्याला जपानी सैन्याचा वेढा होता. तेथे साध्या औषधांचीही भीषण टंचाई होती. औषध जगात असणे वेगळे आणि ते वेढ्यापलीकडच्या माणसापर्यंत पोहोचणे वेगळे." हे बोलताना आम्हांला आमचे कपाट आठवत होते. तेथे कोणाचाही वेढा नव्हता, तरी गोळी पोहोचली नव्हती.

ब्रेकही आणि मोटरही

फिनोबार्बिटोन नेमके काय करते, हे कळायला मात्र त्यानंतर कित्येक दशके लागली. त्याचे मुख्य काम ब्रेकवर चालते. गॅबाने उघडलेले दार ते अधिक वेळ उघडे ठेवते. त्यामुळे क्लोराइड अधिक प्रमाणात आत येते आणि पेशी चटकन पेटत नाही. डायझेपामसारखी दुसऱ्या कुळातील औषधेही याच दारावर काम करतात, परंतु त्यांची रीत वेगळी आहे. त्यांच्यामुळे दार अधिक वेळा उघडते. बार्बिट्युरेटमुळे ते उघडले की अधिक वेळ उघडे राहते.

दुसरे काम मोटरवर चालते, आणि ते सामान्य वाचकाला सहसा सांगितले जात नाही. बार्बिट्युरेट औषधे ग्लुटामेटच्या ॲम्पा आणि कायनेट या उत्तेजक ग्राहींनाही आवर घालतात. किल्ली लागते, पण दारातून आत येणारा सोडियमचा लोंढा घटतो. ॲम्पा ग्राही चार घटकांचा बनलेला असतो. त्यात ग्लुए-टू नावाचा घटक असेल तर बार्बिट्युरेटचा प्रभाव अधिक पडतो, आणि प्रौढ मेंदूतील बहुतेक ॲम्पा ग्राहींमध्ये तो असतोच. एनएमडीए ग्राहींवर मात्र या औषधांचा परिणाम त्या मानाने कमी आहे. मात्रा बरीच वाढली तर पहिल्या पेशीतून मुळात ग्लुटामेट बाहेर पडणेही घटते.

या दुहेरी कामाचे महत्त्व नवजात बालकांच्या बाबतीत विशेष जाणवते. मोठ्या माणसाच्या मेंदूत गॅबा हा ब्रेक असतो. परंतु अगदी कोवळ्या मेंदूतील पेशींमध्ये क्लोराइड आधीच जास्त असल्यामुळे गॅबाचे दार उघडले की ते आत येण्याऐवजी बाहेर जाऊ शकते. मग ब्रेकच मोटरसारखा वागू लागतो. अशा वेळी केवळ गॅबावर काम करणारे औषध अपुरे पडण्याचा संभव असतो. २०११ साली नवजात उंदरांच्या मेंदूवर केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की फिनोबार्बिटोनने ॲम्पा व कायनेट ग्राहींतून येणारा प्रवाह घटला, डायझेपामने तो घटला नाही. नवजात बालकांच्या झटक्यांवर आजही डॉक्टर बहुधा प्रथम फिनोबार्बिटोनच वापरतात. शंभर वर्षांहून जुनी गोळी अजून टिकून आहे, ती केवळ स्वस्त म्हणून नव्हे. पुढे शास्त्रज्ञांनी मुद्दाम ॲम्पा ग्राहीवरच काम करणारे पेरॅम्पॅनेल नावाचे औषध तयार केले. २०१२ साली त्याला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. जुन्या गोळीने नकळत जे साधले होते, ते नव्या औषधाने जाणूनबुजून साधले.

परंतु ज्या गुणाने ही गोळी वाचवते, त्याच गुणाने ती मारूही शकते. डायझेपामच्या कुळातील औषधांना काम करण्यासाठी गॅबाची उपस्थिती लागते. गॅबा नसेल तर ती दार उघडू शकत नाहीत. बार्बिट्युरेटची मात्रा मोठी झाली तर ते गॅबाशिवायही ते दार उघडते, आणि त्याच वेळी मोटरही दाबून धरते. मेंदूचा जो भाग श्वास चालू ठेवतो, तोही मग थंडावतो. म्हणूनच ही गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेबाहेर घेऊ नये, आणि म्हणूनच आपल्या देशाच्या कायद्याने ती नियंत्रित औषधांत मोडते.

दारूचा विषयही येथेच येतो. मद्य गॅबाच्या ब्रेकला जोर देते आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहींना दाबते. म्हणजे गोळी आणि दारू दोन्ही मेंदूला एकाच बाजूला ढकलतात. त्यांची बेरीज श्वास थांबवण्यापर्यंत जाऊ शकते. उलट, नियमित पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दबलेली मोटर उसळी घेते आणि फेफरे नसलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. त्याला मेंदूच्या शास्त्राचाही असा आधार आहे, हे आपल्या तरुणांनी लक्षात घ्यावे.

आठ दिवस काही का झाले नाही?

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. गोळी बंद केल्यावर मुलगा आठ दिवस बरा कसा राहिला?

फिनोबार्बिटोन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढात साधारण चार दिवस आणि मुलांत दोन-तीन दिवस लागतात. मुलासाठी तीन दिवस धरू. तिसऱ्या दिवशी औषध निम्मे उरले, सहाव्या दिवशी पाव, नवव्या दिवशी अवघा आठवा हिस्सा. पहिले काही दिवस मुलगा बिनगोळीचा दिसत होता, पण त्याच्या रक्तात गोळी होतीच. आई ज्याला आजार गेला म्हणत होती, ते गोळीचे शिल्लक राहिलेले बळ होते.

शिवाय मेंदू गप्प बसत नाही. महिनोन्महिने ब्रेक दाबलेला आणि मोटर आवरलेली असली की मेंदू त्या स्थितीशी जुळवून घेतो. निरोधक ग्राहींची संवेदनक्षमता घटते, उत्तेजक बाजू आपला जोर वाढवू पाहते. अशा वेळी औषध एकाएकी काढून घेतले तर आवर सुटलेली मोटर पूर्वीपेक्षाही जोरात धावते. झटक्यामागून झटका येतो आणि मधे शुद्ध येत नाही. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. गोळी बंद करायची झालीच तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अवधीत, थोडी थोडी कमी करीत करावी लागते. डॉक्टर बहुधा निदान दोन वर्षे झटका न आल्यावरच तसा विचार करतात.

गोळीला दोष नाहीत असे नाही. काही मुलांना सुस्ती येते, काही उलट चिडचिडी व चंचल होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. अंगावर पुरळ उठले तर तात्काळ डॉक्टरांना दाखवावे. गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा परिणाम या गोळीमुळे घटतो, म्हणून विवाहित मुलींनी व भगिनींनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. आज इतरही औषधे उपलब्ध आहेत. कोणाला कोणते द्यावे हे डॉक्टर ठरवतील. तक्रार असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, गोळी परस्पर थांबवू नये.

इतिहासाचा धडा

इतिहासाच्या शिक्षकाला या गोळीच्या कथेतील एक काळे पान उलटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या जर्मनीत ल्युमिनलचा हा गुण उमगला, त्याच जर्मनीत १९३३ साली नाझी सरकारने आनुवंशिक आजारांच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्या यादीत अपस्मारही होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी डॉक्टरांनी रुग्णालयांत अपंग व मतिमंद बालकांना हेच ल्युमिनल वाढत्या मात्रेत देऊन मारले. सततच्या गुंगीत मुलांची फुप्फुसे बिघडत, मृत्यू नैसर्गिक वाटे आणि घरी तसे पत्र जाई. आणि हाउप्टमान? तो ज्यू होता. त्याला प्राध्यापकाचे पद गमवावे लागले. १९३८ साली त्याला डाखाउच्या छळछावणीत डांबण्यात आले. सुटकेनंतर देश सोडून तो अमेरिकेला गेला आणि १९४८ साली तेथेच वारला.

गोळी तीच होती. काही माणसे जगण्यास लायक नाहीत, असे एकदा समाजाने ठरवले की औषधाचे विष व्हायला वेळ लागत नाही. जन्माच्या आधारावर माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था म्हणजे काय, हे आपल्याला कोणी निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे फेफऱ्याच्या माणसाला गोळीने नव्हे, पण बहिष्काराने मारले जाते. मुलीचे लग्न होणार नाही म्हणून आजार लपवला जातो, लपवण्यासाठी गोळी लपवली जाते आणि लपवलेली गोळी चुकते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाच्या मार्गातील अडचण मानलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द त्यातून वगळण्यात आला. कायद्यातून तो गेला. मनातून आणि स्थळे पाहतानाच्या कुजबुजीतून तो अजून जायचा आहे.

देवरशी आणि अंगारे-धुपारे यांच्याबद्दल या वाचकांना फार सांगायला नको. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेने सांगून ठेवले की हा देवाचा कोप नसून मेंदूचा आजार आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदाही केला. तरीही झटका आला की आपल्याच घरातून कांदा निघतो. आमच्या वसतिगृहातूनही निघाला होता. कांद्याने झटका थांबल्यासारखे वाटते, कारण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. श्रेय मात्र कांद्याला जाते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतात अपस्माराचे एक मोठे कारण म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणे. यावरून डुकराचे मांस खाणाऱ्या वस्त्यांकडे बोट दाखवले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने कृमी आतड्यात वाढतो. मेंदूत जाणारी अळी मात्र त्या कृमीच्या अंड्यांतून येते आणि ती अंडी मैलामिश्रित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांतून कोणाच्याही पोटात जातात. ज्याने आयुष्यात मांसाला हात लावला नाही, त्यालाही हा आजार होतो. उपाय वस्तीला नावे ठेवण्यात नसून संडास, स्वच्छ पाणी आणि साबण यांत आहे.

घरी, वसतिगृहात आणि कारखान्यात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. म्हणून पुढील गोष्टी पाठ असाव्यात.

१. झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, जवळच्या टणक वस्तू दूर साराव्यात.

२. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नये. कांदा-चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत.

३. घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. गोळी संपण्याच्या आठ दिवस आधी नवी आणावी. चिठ्ठीची एक प्रत रुग्णाबरोबर, एक घरी आणि एक शाळेत ठेवावी.

५. जागरण हे झटक्याचे मोठे निमित्त आहे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला हा आजार असेल, तर त्याने तो मालकापासून व डॉक्टरांपासून लपवू नये. दिवसपाळी मागावी आणि झटके पूर्ण आटोक्यात येईपर्यंत फिरत्या यंत्रापासून दूर राहील असे काम मागावे. घड्या घालणे, मोजणी, बांधणी ही कामेही त्याच कारखान्यात असतात.

६. कारखानदारांपैकी कोणी हे वाचत असतील, तर त्यांना विनंती आहे की असा कामगार काढून टाकू नये, त्याची जागा बदलावी. ताण्याचा एक धागा तुटला म्हणून कोणी माग मोडीत काढत नाही. धागा सांधून माग पुन्हा सुरू करतात.

आता आपल्या वसतिगृहात एक वही आहे. रोज रात्री गोळी दिली की तीत अधीक्षकांची सही आणि शेजारी मुलाची सही होते. सुट्टीला जाताना गोळ्यांची पट्टी, चिठ्ठीची प्रत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेली सूचना पालकांच्या हाती दिल्याशिवाय मुलाला सोडले जात नाही. फार मोठी सुधारणा नव्हे. एका मुलाच्या जिवावर बेतल्यानंतर आम्हांला ती सुचली, याची खंत मात्र कायम राहील.

त्या मुलाला वहीत सही करायला आवडते. एकदा त्याने सहीखाली तारीख घालताना विचारले, "सर, ही वही पुढे इतिहास होईल का?" आम्ही म्हटले, "नीट ठेवली तर होईल." पुढच्या वर्षी भैय्या चौकातील स्मारकात डॉ. कोटणीसांबद्दल बोलण्याची पाळी त्याची होती. त्याने जन्म, चीन, युद्ध, मृत्यू सगळे क्रमाने सांगितले आणि शेवटी, आम्ही न शिकवलेले, एक वाक्य जोडले: "त्यांना जो आजार होता, तोच मला आहे, आणि मी रोज गोळी घेतो."

या वेळी कोणी वळून त्याच्याकडे पाहिले नाही. सगळे त्याचे बोलणे ऐकत होते.